प्रॉक्समॉक्स ८ वरून ९ वर: चालत्या होस्टचं अपग्रेड, पायरीपायरीने

प्रॉक्समॉक्स व्हीई ही एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रं (व्हीएम) आणि कंटेनर चालवणारी प्रणाली. ती ज्या यंत्रावर बसते तो होस्ट. तिच्या ८ या आवृत्तीला अपडेट मिळण्याची मुदत ऑगस्ट २०२६ पर्यंत आहे. पुढची ९.० ही आवृत्ती ५ ऑगस्ट २०२५ ला आली. ती डेबियन १३ ‘ट्रिक्सी’वर उभी आहे, तर ८ ही डेबियन १२ ‘बुकवर्म’वर. नवख्या माणसाने पहिल्यांदा हेच लक्षात घ्यायला हवं. वेब पॅनलमध्ये फक्त ८ चा आकडा ९ होणार नसून खालची अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम बदलणार आहे. ९.० मध्ये कर्नल (सिस्टीमचा गाभा) ६.८ चा ६.१४ झाला, क्यूईएमयू (व्हीएम चालवणारा प्रोग्राम) ९.२ चं १०.० झालं, शिवाय सिस्टमडी (सेवा सुरू करणारा), ग्रब (बूटलोडर, म्हणजे यंत्र सुरू होताना कर्नल उचलणारा), एलव्हीएम (डिस्कचे विभाग सांभाळणारं), ओपनएसएसएच (दुरून लॉगिनसाठी) सगळंच नवं येतं. आणि या रस्त्याला परतीची वाट नाही. डेबियनमध्ये मोठी आवृत्ती मागे नेण्याची सोय नसते. बिघडलं तर नव्याने इन्स्टॉल करून बॅकअपमधून व्हीएम परत आणणं एवढंच हातात राहतं.

म्हणून या कामात घाई करायची ती कुठेच नाही. प्रत्यक्ष अपग्रेडची आज्ञा चांगल्या एसएसडीवर पाच-दहा मिनिटांत संपते, जुन्या फिरत्या डिस्कवर तासभर चालते. बाकीचा सगळा वेळ आधीच्या तपासणीला द्यायचा.

एक सूचना: आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायची.

पहिली पायरी: ८.४ वर या आणि तपासणीची स्क्रिप्ट चालवा

थेट ८.० किंवा ८.२ वरून ९ वर उडी मारायची नाही. क्लस्टरमधला (एकत्र जोडलेल्या होस्टांच्या गटातला) प्रत्येक नोड, म्हणजे होस्ट, आधी ८.४ च्या ताज्या अपडेटवर आणा (किमान ८.४.१), रीबूट करा आणि सगळं नेहमीसारखं चालतंय याची खात्री करा. हे अपडेट झालं की ‘पीव्हीई८टू९’ ही स्क्रिप्ट आपोआप मिळते. नाव सलग लिहायचं, मध्ये जागा नाही. पूर्ण तपासणीसाठी त्यापुढे दोन डॅश आणि ‘फुल’ जोडा.

ही स्क्रिप्ट स्वतः काहीही बदलत नाही, फक्त पाहते आणि सांगते. त्यामुळे ती कामाच्या वेळेतसुद्धा चालवायला हरकत नाही. उत्तरांत मुख्यतः हे तीन प्रकार पाहायचे: पास, वॉर्न (इशारा) आणि फेल. फेल एकही उरता कामा नये. वॉर्न मात्र वाचून, समजून घेऊन सोडायचं असतं. ‘चालू असलेले व्हीएम सापडले’ ही सूचना तुम्ही ते नंतर हलवणार असाल तर आत्ता निरुपद्रवी आहे. पण ‘सिस्टमडी-बूट’ पॅकेजबद्दलची सूचना दुर्लक्षिली तर होस्ट बूटच न होण्याची पाळी येऊ शकते. डेबियन १३ मध्ये या पॅकेजची रचना बदलली आहे. ८ च्या आयएसओने (इन्स्टॉलरच्या डिस्क-प्रतिमेने) ते अनेक यंत्रांवर टाकलेलं असतं आणि अपग्रेडच्या वेळी ते बूटलोडरच्या कामात नको तिथे हात घालतं. स्क्रिप्ट काढायला सांगत असेल तर काढा. तुम्ही स्वतः हाताने तो बूटलोडर बसवला असेल तरच ठेवायचं.

दुसरी सूचना ग्रबची. यूईएफआय (नव्या पद्धतीचं बूट फर्मवेअर) मोडमध्ये आणि रूट (सिस्टीमचा मुख्य) विभाग एलव्हीएमवर असलेल्या यंत्रांवर ‘ग्रब-ईएफआय-एएमडी६४’ हे पॅकेज बसलेलं नसेल तर ईएफआय (बूटच्या फाइलींच्या) विभागातला ग्रब जुनाच राहतो. जुन्या ग्रबमध्ये एक दोष होता, त्यामुळे एखाद्या दिवशी बूट होताना ‘डिस्क एलव्हीएमआयडी सापडली नाही’ असा निरोप येऊन यंत्र तिथेच थांबतं. स्क्रिप्ट नेमकी आज्ञा छापते, ती जशीच्या तशी चालवा.

रूट विभागात किमान ५ जीबी मोकळी जागा लागते, १० जीबीच्या वर असेल तर उत्तम. ‘डीएफ -एच’ने पाहून घ्या. जागा बहुतेक वेळा जुन्या कर्नलांनी आणि ‘लोकल’ स्टोरेजमध्ये टाकून विसरलेल्या आयएसओंनी खाल्लेली असते. अपग्रेडच्या अर्ध्यात डिस्क भरली तर पॅकेजं अर्धवट बसतात, आणि ते निस्तरणं फार किचकट असतं.

९ मध्ये काय चालणार नाही

ही यादी लहान आहे, पण यातलं एखादं तुमच्याकडे असेल तर अपग्रेडची तारीखच पुढे ढकलावी लागेल.

जुने कंटेनर. कंटेनर म्हणजे होस्टचाच कर्नल वापरणारी हलकी आभासी सिस्टीम. ९ मध्ये सीग्रुपच्या (सीपीयू-रॅम वाटून देणारी कर्नलची सोय) पहिल्या आवृत्तीचा आधार काढून टाकला आहे. ज्या कंटेनरमध्ये सिस्टमडी २३० किंवा त्याहून जुना आहे, ते सुरूच होणार नाहीत. सेंटओएस ७ आणि उबंटू १६.०४ ही नेहमी भेटणारी दोन उदाहरणं. असा एखादा कंटेनर कुठल्यातरी जुन्या हिशेबाच्या किंवा हजेरीच्या सॉफ्टवेअरसाठी चालू असतो आणि तो कोणाच्या लक्षातही नसतो. आतली सिस्टीम नवी करा, नाहीतर तो पूर्ण व्हीएममध्ये हलवा. व्हीएमला ही अडचण नाही, कारण तिथे कर्नल स्वतःचा असतो.

ग्लस्टरएफएस स्टोरेज. आधार संपला. त्यावरच्या डिस्क आधी दुसऱ्या स्टोरेजवर हलवा.

‘व्हीएम.मॉनिटर’ ही परवानगी. ती काढून टाकली आहे. बॅकअप किंवा देखरेखीच्या एखाद्या सॉफ्टवेअरसाठी तुम्ही वेगळी भूमिका तयार करून ही परवानगी दिली असेल, तर ती भूमिका आधी सुधारा.

‘ईटीसी/सिसकंट्रोल.कॉन्फ’ ही फाइल. तिचं रोमन नाव सिससीटीएल असं लिहितात. डेबियन १३ ती वाचत नाही. त्यात स्वॅपिनेस (रॅममधलं डिस्कवर किती टाकायचं), नेटवर्क बफर असे आकडे टाकले असतील तर ते ‘ईटीसी/सिससीटीएल.डी’ या फोल्डरात, शेवटी ‘.कॉन्फ’ असलेल्या वेगळ्या फाइलीत हलवा. हे राहून गेलं तर कुठलीच चूक दाखवली जात नाही. महिन्याभराने वेग का कमी झाला याचा शोध सुरू होतो, म्हणून इथे मुद्दाम सांगितलं.

ग्राफिक कार्ड व्हीएममध्ये वाटून देणारे आणि बाहेरून बसवलेले इतर ड्रायव्हर नव्या कर्नलवर चालतात का, ते त्यांच्या निर्मात्याच्या यादीत पाहा. डीकेएमएसने (प्रत्येक कर्नलसाठी ड्रायव्हर नव्याने बांधणाऱ्या साधनाने) बांधले जाणारे ड्रायव्हर असतील तर ‘प्रॉक्समॉक्स-डिफॉल्ट-हेडर्स’ हे पॅकेज लागतं.

बॅकअप, आणि तो परत आणून पाहणं

प्रत्येक व्हीएम आणि कंटेनरचा ताजा बॅकअप होस्टच्या बाहेर हवा: प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरवर, एनएएसवर (नेटवर्कवरच्या साठवणीवर), निदान वेगळ्या डिस्कवर. त्यातला किमान एक नव्या क्रमांकाने परत आणून, नेटवर्क तोडून, सुरू करून पाहा. परत आणून न पाहिलेल्या बॅकअपच्या भरवशावर परतीची वाट नसलेलं काम सुरू करू नये.

होस्टची स्वतःची मांडणीही वेगळी ठेवा. ‘ईटीसी’ फोल्डर पूर्ण कॉपी करा. त्यातलं ‘ईटीसी/पीव्हीई’ हे साधं फोल्डर नसून एका डेटाबेसवरून दिसणारं चित्र आहे. मूळ फाइल ‘व्हार/लिब/पीव्हीई-क्लस्टर’मधली ‘कॉन्फिग.डीबी’. तिचीही प्रत घ्या. ‘आयपी ए’चं उत्तर, म्हणजे नेटवर्क कार्डांची नावं आणि मॅक पत्ते (प्रत्येक कार्डाचा स्वतःचा क्रमांक), एका कागदावर किंवा फोनमध्ये टिपून ठेवा. रीबूटनंतर याच कागदाची गरज पडू शकते.

रूट विभाग झेडएफएस या फाइल-प्रणालीवर असेल तर ‘आरपूल/रूट/पीव्हीई-१’चा (यातलं ‘रूट’ मात्र मोठ्या अक्षरांत) स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, जरूर घ्या, पण त्यालाच परतीची हमी समजू नका. कर्नल ज्या ईएफआय विभागात असतात तो या स्नॅपशॉटच्या बाहेर असतो.

बॅकअप सर्व्हर याच होस्टवर बसवला असेल तर तोही ३ वरून ४ वर एकत्रच जाईल, त्याच्या सूचना आधी वाचा. असं एकत्र बसवणं मुळात टाळावंच.

होस्ट रिकामा करणं

तीन नोडचं क्लस्टर धरू: अ, ब, क, प्रत्येकी १२८ जीबी रॅम. अपग्रेड चालू असताना दोनच नोड काम करणार, म्हणजे २५६ जीबी. त्यातून होस्टची स्वतःची गरज आणि झेडएफएसचा कॅश वजा करा. ८.१ पासूनच्या इन्स्टॉलरने हा कॅश रॅमच्या १० टक्के आणि कमाल १६ जीबी असा बांधलेला असतो, पण त्याआधी बसवलेले होस्ट रॅमच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतात. हे गणित आधी न केल्यास तिसऱ्या नोडचे व्हीएम हलवताना दुसऱ्याची रॅम संपते आणि कर्नल एखादा चालू व्हीएम मारून टाकतो.

हलवण्याची दिशा पक्की ठरवा. ८ वरून ९ वर चालू व्हीएम नेणं हे अधिकृतपणे चालतं. ९ वरून ८ वर परत आणणं चालेलच असं नाही, ते गृहीत धरू नका. म्हणून आधी ‘अ’ रिकामा करून त्याचे व्हीएम ‘ब’ आणि ‘क’वर न्या, ‘अ’ ९ वर न्या. मग कमी महत्त्वाचे एक-दोन व्हीएम ‘अ’वर आणून एक दिवस चालू द्या. ठीक वाटलं की ‘ब’चे बाकीचे ‘अ’वर, ‘ब’ अपग्रेड, आणि शेवटी ‘क’. त्या एका दिवसात ‘अ’वर आणलेले व्हीएम तिथेच अडकलेले असतात, म्हणून पहिल्याच दिवशी मुख्य डेटाबेस तिकडे नेऊ नका.

मायग्रेशन (व्हीएम दुसऱ्या नोडवर हलवणं) अडण्याची नेहमीची कारणं: व्हीएमच्या सीडी ड्राइव्हमध्ये ‘लोकल’वरची आयएसओ अडकलेली असते (काढून टाका), पीसीआय पासथ्रू (होस्टमधलं कार्ड थेट व्हीएमला देणं) लावलेलं असतं (बंद करूनच हलवावं लागतं), किंवा सीपीयू प्रकार ‘होस्ट’ असतो आणि दोन नोडचे प्रोसेसर वेगवेगळ्या पिढ्यांचे असतात. शेवटच्या प्रकारात मायग्रेशन झाल्यासारखं दिसतं आणि व्हीएम काही वेळाने कोसळतो. ‘एक्स८६-६४-व्ही२-एईएस’ हा प्रकार लावला की ही भीती जाते, मात्र त्यासाठी व्हीएम एकदा पूर्ण बंद करून चालू करावा लागतो. कंटेनर चालू स्थितीत हलत नाहीत, ते बंद होऊन दुसरीकडे सुरू होतात. त्यांच्या वापरकर्त्यांना मिनिटभराची कल्पना द्या.

एचए (नोड बंद पडला तर व्हीएम दुसरीकडे आपोआप सुरू करणारी सोय) वापरत असाल तर नोड मेंटेनन्स मोडमध्ये टाका. त्याने फक्त एचएखालचे व्हीएम हलतात, बाकीचे ‘बल्क मायग्रेट’ने हलवावे लागतात. आणि दोनच नोडचं क्लस्टर असेल तर क्यूडिव्हाइस (तिसरं मत देणारं बाहेरचं यंत्र) असल्याखेरीज सुरुवात करू नका. एक नोड रीबूट झाला की दुसऱ्याचा कोरम (निर्णयाला लागणारं बहुमत) जातो, आणि एचए चालू असल्यास तो साधारण मिनिटभरात स्वतःच रीबूट होतो.

एकटाच होस्ट असेल तर सगळे व्हीएम रीतसर बंद करा आणि लोकांना दोन तासांची वेळ सांगा. यूपीएसची बॅटरी तपासा, आणि वीज जायची शक्यता असलेला दिवस टाळा. अशा ठिकाणी नव्या डिस्कवर ९ नव्याने बसवून बॅकअपमधून व्हीएम परत आणणं हा पर्यायही चांगला आहे: जुनी डिस्क काढून बाजूला ठेवली की परतीची वाट खरोखर हातात राहते.

रेपॉझिटरी बदलणं

रेपॉझिटरी म्हणजे पॅकेजं जिथून येतात ते ठिकाण. सर्वात जास्त अपग्रेड इथेच बिघडतात. ‘ईटीसी/एपीटी’मधली ‘सोर्सेस.लिस्ट’ आणि शेजारच्या ‘सोर्सेस.लिस्ट.डी’ फोल्डरातली प्रत्येक फाइल ‘नॅनो’ या एडिटरमध्ये उघडा. जिथे जिथे बुकवर्म असेल तिथे ट्रिक्सी करा. एकही बुकवर्म मागे उरू देऊ नका, अगदी सुरक्षा अपडेटच्या ओळीतसुद्धा. सेफची (अनेक नोडांच्या डिस्क एकत्र करणारं स्टोरेज) रेपॉझिटरी वेगळ्या फाइलीत असते. सेफ वापरत नसाल तर ती फाइल काढा, वापरत असाल तर तीही बदला. झॅबिक्स, डॉकर, ड्रायव्हर अशा बाहेरच्या रेपॉझिटऱ्या अपग्रेडपुरत्या बंद ठेवा.

सबस्क्रिप्शन नसेल तर ‘एंटरप्राइज’ची ओळ बंद करून ‘पीव्हीई-नो-सबस्क्रिप्शन’ची ओळ ट्रिक्सीसह घाला. दोन्ही राहिल्या तर ४०१ (परवानगी नाही) ही चूक येते. दोन्ही नसल्या तर त्याहून वाईट: एपीटीला (पॅकेजं बसवणाऱ्या साधनाला) फक्त डेबियनची नवी पॅकेजं दिसतात, प्रॉक्समॉक्सची दिसत नाहीत, आणि तो प्रॉक्समॉक्सच काढून टाकायचा बेत आखतो. अशा वेळी ‘तुम्ही प्रॉक्समॉक्स-व्हीई हे मेटा-पॅकेज काढत आहात’ असा इशारा येऊन काम थांबतं. या इशाऱ्याला बगल देण्याची युक्ती शोधू नका. त्याचा एकच अर्थ असतो: रेपॉझिटरी चुकली आहे, मागे जा.

मग ‘एपीटी अपडेट’. एकही चूक न येता ते पूर्ण झालं पाहिजे. ‘एपीटी पॉलिसी’ने कुठून काय येतंय ते पाहा.

अपग्रेड

कुठे बसून आज्ञा देताय ते महत्त्वाचं आहे. सर्वात सुरक्षित म्हणजे प्रत्यक्ष स्क्रीन-कीबोर्ड किंवा आयपीएमआय, आयलो, आयड्रॅकचा कन्सोल (सर्व्हरचा पडदा दुरून दाखवणारी सोय). एसएसएचने (दुरून लॉगिन करून) करायचंच असेल तर आधी ‘टीमक्स’ सुरू करा, म्हणजे इंटरनेट तुटलं तरी काम चालू राहतं. प्रॉक्समॉक्सच्या वेब पॅनलमधल्या शेलमध्ये हे कधीही करू नका. अपग्रेडच्या मध्यात ती वेब सेवाच पुन्हा सुरू होते आणि तुमचं टर्मिनल तिच्यासोबत जातं.

आज्ञा ‘एपीटी डिस्ट-अपग्रेड’. नुसतं ‘एपीटी अपग्रेड’ नाही. ते जुनी पॅकेजं काढत नाही आणि सिस्टीम अर्धी नवी, अर्धी जुनी राहते. होकार देण्याआधी काढल्या जाणाऱ्या पॅकेजांची यादी पूर्ण वाचा.

सुरुवातीला बदलांची लांबलचक माहिती पडद्यावर येते. ती वाचून ‘क्यू’ दाबा. पडदा अडकला असं वाटून यंत्र बंद करण्याची चूक इथे होते. पुढे अधूनमधून फाइलींबद्दल प्रश्न येतील: तुमची फाइल ठेवू की नवी घेऊ? ‘डी’ दाबलं की फरक दिसतो.

‘ईटीसी/इश्यू’: जुनीच ठेवा, त्यात फक्त लॉगिन पडद्यावरचा मजकूर असतो.
‘एलव्हीएम.कॉन्फ’: तुम्ही हात लावला नसेल तर नवी घ्या.
‘एसएसएचडी_कॉन्फिग’: बदल केले नसतील तर नवी. पोर्ट बदलला असेल किंवा रूट लॉगिनचे नियम लावले असतील तर आधी फरक पाहा.
‘क्रॉनी.कॉन्फ’: स्वतःचे वेळ-सर्व्हर टाकले नसतील तर नवी.
‘डिफॉल्ट/ग्रब’: इथे जपून. पासथ्रूसाठी आयओएमएमयूच्या ओळी घातल्या असतील तर जुनी ठेवा, नाहीतर रीबूटनंतर ग्राफिक कार्ड व्हीएमला मिळणार नाही.

काम मध्येच तुटलं तर घाबरून रीबूट करू नका. ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ आणि मग ‘एपीटी -एफ इन्स्टॉल’, त्यानंतर पुन्हा डिस्ट-अपग्रेड. बहुतेक वेळा गाडी रुळावर येते. अर्धवट स्थितीत रीबूट केलेला होस्ट उठवणं याच्या कैक पट अवघड आहे.

संपल्यावर ‘पीव्हीई८टू९’ पुन्हा चालवा. फेल नसेल तरच रीबूट. तुम्ही ८ वर असतानाच ६.१४ चा कर्नल निवडून वापरत असलात तरी रीबूट लागतोच.

रीबूटनंतर होस्ट पिंगला उत्तर देत नाही

नव्याने करणाऱ्याला यासारखी धास्ती दुसरी नाही, आणि कारण बहुतेक वेळा साधं असतं: नेटवर्क कार्डाचं नाव बदललं. नवा कर्नल आणि नवा सिस्टमडी कार्डाची जास्त माहिती वाचतो, त्यामुळे काल ‘ईएनओ१’ असलेलं कार्ड आज ‘ईएनओ१एनपी०’ होतं. ‘ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस’मध्ये मात्र ‘व्हीएमबीआर०’ या ब्रिजसमोर (व्हीएमना नेटवर्कशी जोडणारा आभासी स्विच) जुनंच नाव असतं. ब्रिज उभा राहतो, पण त्याला तार जोडलेली नसते.

कन्सोलवरून लॉगिन करा, ‘आयपी ए’ पाहा, टिपून ठेवलेल्या मॅक पत्त्यांवरून कुठलं कार्ड कुठलं ते ओळखा. ‘ब्रिज-पोर्ट्स’समोरचं, आणि बाँड (एकत्र बांधलेली कार्डं) असेल तर त्यातलंही, नाव बदला आणि ‘आयएफरीलोड -ए’ द्या. पाच मिनिटांचं काम आहे. कन्सोल नसेल तर मात्र तेच काम रात्री गाडी काढून डेटा सेंटर गाठण्याचं होतं. म्हणून आयपीएमआयचा पासवर्ड आधी वापरून पाहिलेला असावा. पुन्हा असं होऊ नये यासाठी ९ मध्ये ‘पीव्हीई-नेटवर्क-इंटरफेस-पिनिंग’ हे साधन आहे. ते मॅक पत्त्याला ‘एनआयसी०’, ‘एनआयसी१’ अशी कायमची नावं बांधून देतं.

होस्ट वर आला की ‘पीव्हीईव्हर्जन’ने आवृत्ती पाहा आणि ब्राउझरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-आर दाबा. जुनं पॅनल ब्राउझरच्या साठ्यात राहून बटणं विचित्र वागतात, त्यात सर्व्हरचा दोष नसतो.

सेफ असेल तर

सेफ आधी ‘स्क्विड’ म्हणजे १९.२ वर हवं, आणि तेही प्रॉक्समॉक्स ८ वर असतानाच. नोड रीबूट करण्याआधी ‘नोआउट’ हा झेंडा लावा, म्हणजे एक नोड गेला म्हणून सेफ सगळा डेटा इकडून तिकडे हलवायला लागणार नाही. झेंडा लागलेला असताना सेफ ‘हेल्थ_वॉर्न’ दाखवणारच. आत फक्त तेवढंच कारण आहे, एकही पीजी (सेफमधल्या डेटाचा गट) अपुरा नाही, हे पाहूनच पुढच्या नोडकडे वळा. सगळे नोड झाल्यावर झेंडा काढा.

मागाहून करायची कामं

‘एपीटी मॉडर्नाइज-सोर्सेस’ने रेपॉझिटरीच्या फाइली नव्या साच्यात येतात. बंद ठेवलेल्या बाहेरच्या रेपॉझिटऱ्या त्यांची ट्रिक्सीसाठीची आवृत्ती आहे हे पाहून एकेक सुरू करा.

‘टीएमपी’ हे तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर आता डिस्कवर नसून रॅममध्ये असतं, कमाल निम्म्या रॅमपर्यंत. तिथे मोठ्या फाइली टाकणाऱ्या तुमच्या स्क्रिप्ट असतील तर त्यांना ‘व्हार/टीएमपी’कडे वळवा.

एचएचे जुने गट ९ मध्ये नियमांत बदलतात. हे आपोआप होतं, पण क्लस्टरमधले सगळे नोड ९ वर आल्यावरच. तोपर्यंत एचएच्या पानावर फेरफार करू नका.

‘झेडपूल स्टेटस’ तुम्हाला पूल (झेडएफएसच्या डिस्कांचा गट) अपग्रेड करता येईल असं सुचवेल. निदान काही आठवडे तसाच राहू द्या. एकदा नवी वैशिष्ट्यं चालू केली की जुन्या रेस्क्यू डिस्कला तो पूल उघडता येत नाही, आणि होस्ट ग्रबने थेट झेडएफएसवरून बूट होत असेल तर तो बूटच होणं बंद होऊ शकतं.

रात्रीचा ठरलेला बॅकअप एकदा हाताने चालवा आणि त्यातला एक व्हीएम ९ वर परत आणून पाहा. तो सुरू झाला की जुने कर्नल ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’ने काढायला हरकत नाही.